लांबूनची सभा: १९१६ ते आजपर्यंतची गोष्ट

आमच्याकडे विचारतात तसं विचारायचं तर, कसा शेतस भाऊ?

आजचा भाग लोणखेड्याहून. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, गोमाई नदीच्या अंगाचं गाव. शहाद्याला इतकं चिकटलेलं की पाहुण्याला हद्द कुठे संपली ते कळत नाही. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शिक्षणसंस्थांमुळे आसपासच्या तालुक्यांतली पोरं इथे शिकायला येतात. गावात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर दोंडाईचा नाहीतर नंदुरबार. विद्यापीठ जळगावला, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास. पुणे-मुंबई म्हणाल तर चारशेच्या घरात.

ही अंतरं मुद्दाम सांगतोय, कारण आजचा विषयच अंतराचा आहे. ऑनलाइन संमेलनं, अर्धी ऑनलाइन-अर्धी प्रत्यक्ष अशी शिबिरं, हायब्रीड सभा. यांचं पुढे काय होणार? हे टिकणार का? आणि यानं खरंच पर्यावरणाचं भलं होतं का? यावर पुण्या-मुंबईत बऱ्याच चर्चा होतात. पण पुण्यातल्या माणसाचं सभागृह घरापासून अर्ध्या तासावर असतं. लोणखेड्याच्या माणसाला त्याच सभेला जायचं तर एक रात्र बसमध्ये, एक दिवस तिथे, परत एक रात्र बसमध्ये, आणि मजुरी करणारा असेल तर बुडालेले रोज वेगळे. म्हणून हा प्रश्न आमच्या बाजूनं वेगळा दिसतो.

आपला हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, त्यामुळे भविष्य सांगण्याआधी मी मागे जाणार. आणि मागे गेलं की कळतं, आपल्याला २०२० साली नवीन वाटलेली ही गोष्ट चांगली शंभर वर्षं जुनी आहे.

कानाला रिसीव्हर लावून बसलेले पाच हजार लोक

१६ मे १९१६. अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संघटनेनं आपलं राष्ट्रीय अधिवेशन भरवलं, पण एका गावात नाही, एकाच वेळी आठ शहरांत. न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया, अटलांटा, शिकागो, डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी आणि सॅन फ्रान्सिस्को. प्रत्येक शहरात सभागृह, सभागृहात खुर्च्या आणि खुर्चीपाशी टेलिफोनचा रिसीव्हर. सुमारे पाच हजार माणसं एकमेकांचं ऐकत होती. अमेरिकेचा पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा टेलिफोनच्या तारेनं जोडला जाऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हे अभियंते आपापल्या घरी एकेकटे बसले नव्हते. आपल्या शहरातल्या लोकांबरोबर एका सभागृहात बसले होते. दूरच्यांशी तारेनं जोडलेले, जवळच्यांशी खांद्याला खांदा लावून. म्हणजे आज ज्याला हायब्रीड म्हणतात, त्याचा नकाशा तेव्हाच काढून झाला होता.

पुणे केंद्र, १९५६

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. १ एप्रिल १९५५ पासून तिथून गीतरामायण लागायला लागलं. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. वर्षभर, दर आठवड्याला एक नवीन गीत. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्याकडे अख्खी आळी जमायची, काही घरांत रेडिओला हार घातला जायचा, हे तुम्ही घरातल्या थोरामोठ्यांकडून ऐकलं असेल.

गीतरामायण सर्वांना माहीत आहे. पण ते चालू असतानाच, त्याच पुणे केंद्रावरून आणखी एक प्रयोग सुरू होता आणि तो आपण जवळजवळ विसरलो. तो म्हणजे ग्रामीण रेडिओ मंडळांचा प्रयोग, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६. युनेस्कोची मदत, आकाशवाणीचं प्रसारण, आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे अभ्यासाचं काम. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली होती. आपला पश्चिम खानदेश त्यात नव्हता. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर असे ते जिल्हे.

पद्धत कशी होती बघा. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचं मंडळ. त्याला एक अध्यक्ष, एक संयोजक. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सगळे रेडिओपाशी जमायचे. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, विषय शेतीचा, आरोग्याचा, सहकाराचा, गावच्या कारभाराचा. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि जे ऐकलं त्यावर आपसात बोलायचं. आपल्या गावात हे जमेल का? खर्च किती? कोण पुढाकार घेईल? मग संयोजकानं चर्चेचा अहवाल लिहायचा, पडलेले प्रश्न लिहायचे आणि पुण्याला पाठवायचे. त्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत रेडिओवरून मिळायची. असे एकूण वीस कार्यक्रम झाले.

मूळ कल्पना कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांसाठी असाच उपक्रम देशभर चालू होता आणि त्याचं ब्रीद साध्या चार शब्दांत होतं: वाचा, ऐका, चर्चा करा, करून दाखवा.

पुण्याच्या प्रयोगाचा अभ्यास ज्यांनी केला ते पॉल नॉयराथ हे मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत गेलेले समाजशास्त्रज्ञ. ते मुंबईला आले आणि त्यांनी या प्रयोगाची तीन प्रकारच्या गावांत तुलना केली. एक, जिथे रेडिओही होता आणि मंडळही. दोन, जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं. तीन, जिथे दोन्ही नव्हतं. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांच्या मुलाखती घेतल्या.

निष्कर्ष काय निघाला? मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली. आणि नुसता रेडिओ असलेल्या गावांत? फारच थोडी. आवाज तोच, कार्यक्रम तोच, यंत्र तेच. फरक पडला तो यंत्राभोवती बसलेल्या माणसांमुळे. ऐकून झाल्यावर शेजाऱ्याकडे तोंड वळवून ‘तुला काय वाटतं रे’ असं विचारण्यामुळे. पुढे १९५९ साली जे. सी. माथुर आणि नॉयराथ यांचा अहवाल युनेस्कोनं प्रसिद्ध केला.

मला विचाराल तर आजच्या ऑनलाइन संमेलनांचं भविष्य काय, याचं निम्मं उत्तर या अहवालात आहे.

मग ते बंद का पडलं?

असा प्रयोग यशस्वी झाल्यावर सरकारनं तो देशभर न्यायचं ठरवलं. १९५९ पासून रेडिओ मंडळांचा विस्तार सुरू झाला. आणि इथेच गाडी घसरली. दीडशे गावांना जे जमलं ते हजारो गावांना त्याच काळजीनं करायचं तर तेवढे संयोजक हवेत, रेडिओ बिघडला की दुरुस्त करणारा हवा, बॅटरी संपली की बदलणारा हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गावातून आलेला प्रश्न वाचून त्याला उत्तर देणारं कुणीतरी हवं. मंडळांची संख्या कागदावर वाढत गेली, पण पत्राला उत्तर देण्याची ही साखळी ढिली पडली. आपण विचारतो आणि तिकडून काही येत नाही, असं दिसलं की माणूस दुसऱ्या आठवड्यात उठून जातो. पुढे ट्रान्झिस्टर आला, रेडिओ खिशात मावायला लागला, आणि एकत्र ऐकण्याची गरजच उरली नाही, असं सगळ्यांना वाटलं.

टिकाऊ कार्यक्रम म्हणजे काय, याचा धडा इथे मिळतो. टिकाऊ म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर कापडी पिशव्या आणि प्लास्टिकबंदी येते. तेही हवंच. पण जो कार्यक्रम तिसऱ्या वर्षी बंद पडतो, तो कितीही हिरवा असला तरी टिकाऊ कसा म्हणायचा?

डिजिटल योजनेला मंडप लागतोच

आता एकदम आपल्या तालुक्यात येऊ. टेंभली. शहादा तालुक्यातलंच गाव. २९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक इथे दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. नंदुरबारला ही परंपराच आहे म्हणा. काँग्रेसच्या मोठ्या प्रचारमोहिमांचा नारळ बरेचदा या जिल्ह्यात फुटलेला आहे.

गंमत बघा. आधार ही योजना कशाची? संगणकाची. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं, दूर कुठेतरी ठेवलेली माहिती. माणूस प्रत्यक्ष समोर नसला तरी तो तोच आहे हे सिद्ध व्हावं, यासाठीची व्यवस्था. पण तिचा शुभारंभ करायला देशाच्या पंतप्रधानांना टेंभलीला यावं लागलं, माणसं जमवावी लागली. दिल्लीत बसून एक कळ दाबूनही ते झालं असतं की! पण तसं झालं असतं तर आज टेंभलीचं नाव कुणाला माहीत असतं?

पुढची कित्येक वर्षं पत्रकार टेंभलीला जाऊन विचारत राहिले, की बाबांनो, तुमचं काय बदललं? गावकऱ्यांची उत्तरं फारशी उत्साहाची नसायची. सोहळा एक दिवसाचा होता. नंतर प्रश्न विचारायला आणि उत्तर मिळवायला जागा नव्हती. १९५६ च्या पोस्टकार्डाइतकीसुद्धा नाही.

आवाज यी ऱ्हायना का?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. झूमवर डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला एक कोटीच्या आसपास लोक सभेत सहभागी होत होते, एप्रिल २०२० मध्ये तो आकडा तीस कोटींवर गेला. आणि त्या तीस कोटींत आमचा खानदेशही आला. ‘आवाज यी ऱ्हायना का?’ हे त्या वर्षी आमच्याकडचं सर्वात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य असावं.

महाविद्यालयांमध्ये तर राष्ट्रीय वेबिनारांचा पाऊस पडला. सकाळी जळगाव, दुपारी नागपूर, संध्याकाळी सोलापूर. कार्यक्रम अजून संपायचा असतो आणि चॅटमध्ये विचारणा सुरू, ‘सर, फीडबॅकची लिंक कधी येणार?’ कारण फॉर्म भरला की प्रमाणपत्र. मी स्वतः अशा एका वेबिनारला बसलो होतो जिथे वक्त्याचा आवाज मध्येच पाच मिनिटं गेला आणि दोनशे जणांपैकी एकानंही ते सांगितलं नाही. ऐकतच कुणी नव्हतं! नॉयराथच्या अभ्यासातलं ते दुसऱ्या प्रकारचं गाव आठवा: रेडिओ आहे, मंडळ नाही.

पण याच वर्षांनी दुसरी बाजूही दाखवली. २०२० च्या आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीनं पंढरपूरला गेल्या. वारी पायी झाली नाही. लोकांनी घरी बसून मोबाइलवर दर्शन घेतलं, ज्यांना एरवी कधी पंढरपूरला जाता आलं नसतं अशा म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा. तरी पायी वारी सुरू होताच रस्ते पुन्हा भरले. पडद्यानं वारीची जागा घेतली नाही, पण वारीला न जाऊ शकणाऱ्याची सोय मात्र केली.

साहित्य संमेलनाचंही तसंच. ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकला मार्च २०२१ मध्ये व्हायचं होतं, ते पुढे ढकलून ३ ते ५ डिसेंबर २०२१ ला झालं. संमेलनाध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे व्यासपीठावर येऊ शकले नाहीत. अध्यक्ष नाहीत, पण मंडप आहे, पुस्तकांचे गाळे आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत, माणसं आहेत. जन्मभर विश्वाच्या अंतरांचा अभ्यास केलेल्या माणसाला नाशिकपर्यंतचं अंतर पार करता आलं नाही, याची हळहळ अनेकांना वाटली. मला तेव्हा वाटलं होतं की संमेलनांनी लांबून सहभागी होण्याची सोय ही अडचणीतली तडजोड न मानता कायमची करायला हवी. ऐंशी ओलांडलेल्या लेखकासाठीही, आणि लोणखेड्यातल्या वाचकासाठीही.

आता सातपुड्याचं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर त्या काळात ऑनलाइन शाळा म्हणजे रेंज शोधत टेकडी चढणारी मुलं. तिकडे पालघरच्या जव्हार-मोखाड्यात काही कार्यकर्त्यांनी वेगळा मार्ग काढला. लाउडस्पीकर घेऊन पाड्यावर जायचं, धडा ऐकवायचा, मुलं अंतर ठेवून एकत्र बसून ऐकायची. ६४ वर्षांनी पुन्हा तीच रचना: एक आवाज आणि भोवती जमलेलं मंडळ.

हिशेब कुणाच्या नावावर?

आता पर्यावरणाचा हिशेब मांडू. २०१९ च्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत भूशास्त्रज्ञांची एक मोठी परिषद झाली. २८ हजार माणसं. त्यांच्या जाण्यायेण्याचा एकत्रित प्रवास भरला २८.५ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी ते सूर्य या अंतराच्या जवळपास दुप्पट. त्यातून झालेलं उत्सर्जन सुमारे ८० हजार टन, म्हणजे डोई जवळजवळ तीन टन. आपला सरासरी भारतीय माणूस वर्षभरात, चूल, वीज, प्रवास सगळं मिळून, दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडचा धनी असतो. म्हणजे एका आठवड्याच्या परिषदेला आपल्या दीड वर्षाइतका धूर! आणि ही माणसं कोण, तर पृथ्वीच्या तब्येतीचा अभ्यास करणारी.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशेब मांडला की अशी परिषद पूर्ण ऑनलाइन नेली तर तिचा कार्बनभार ९४ टक्क्यांनी कमी होतो. आणि हायब्रीड केली, म्हणजे निम्मे लोक ऑनलाइन आणि उरलेल्यांसाठी प्रवास कमीत कमी पडेल अशा ठिकाणी केंद्रं, तर दोन तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो. ठिकठिकाणी केंद्रं! १९१६ ची आठ शहरं आठवली ना?

पण हा हिशेब जसाच्या तसा आपल्या गावाला लावू नका. यातला मोठा वाटा विमानाचा आहे, त्यातही लांब पल्ल्याच्या विमानांचा. लोणखेड्यातून शहाद्याला सभेला सायकलवर जाणाऱ्या माणसाला घरी बसवून पृथ्वी वाचणार नाही. एसटीच्या बसमध्ये पन्नास जण जातात, त्यांचा डोई धूर किती असणार? आमच्याकडच्या कार्यक्रमांत वाचवण्यासारखं काय आहे, तर डिझेलचा जनरेटर, दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जाणारे फ्लेक्स, प्लास्टिकचे ग्लास, आणि एका सत्कारासाठी मुंबईहून एकेक जण घेऊन येणाऱ्या गाड्यांचा ताफा. पाहुण्यानं पडद्यावर यावं आणि श्रोत्यांनी प्रत्यक्ष जमावं, हे आमच्यासाठी जास्त शहाणपणाचं. होतं मात्र उलटं. पाहुणे गाडीनं येतात आणि श्रोत्यांना सांगतात, तुम्ही लिंकवर बघा.

म्यूटचं बटण

आता जरा अवघड मुद्द्याकडे येतो. कोरोनाच्या काळात राज्यातल्या अनेक सहकारी संस्थांच्या, साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा ऑनलाइन झाल्या. नियमानं ते योग्यच होतं, जीव महत्त्वाचा. पण ठिकठिकाणच्या सभासदांची तक्रार एकच होती: आम्ही बोलायला लागलो की आवाज बंद. प्रत्यक्ष सभेत मागच्या रांगेतला शेतकरी उठून उभा राहतो, ‘साहेब, उसाचा हिशेब सांगा’ म्हणतो, त्याला खाली बसवायचं तर चार जण लागतात आणि ते सगळ्यांना दिसतं. ऑनलाइन सभेत एक बोट पुरतं, आणि ते बोट कुणाचं हेही दिसत नाही.

शहाद्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. अंबरसिंग महाराजांबरोबर सर्वोदयी आणि डावे तरुण कार्यकर्ते उभे राहिले, पुढे श्रमिक संघटना झाली. हातातून गेलेल्या जमिनी परत मागणारा भिल्ल शेतमजूर त्या दिवसांत पाड्यापाड्यांतून चालत येत होता. त्याच काळात आदिवासी बायका शिबिरांना जमल्या आणि तिथून उठून दारूचे गुत्ते फोडायला गेल्या. या माणसांकडे ना पैसा होता, ना कागद, ना ओळख. त्यांच्याकडे एकच गोष्ट होती: आपण किती जण आहोत हे डोळ्यांना दिसणं. समोरच्यालाही आणि एकमेकांनाही. शिबिरात शेजारी बसलेली बाई ‘माझ्याही घरात हेच आहे’ म्हणाली की पाय उठतात. असं पडद्यावरच्या चौकोनांत होईल का? मला तरी शंका आहे.

सारंगखेड्याच्या यात्रेचंही थोडं तसंच. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो. घोड्याचा व्हिडिओ हल्ली मोबाइलवर येतो, पण घेणारा दात बघतो, खुरं बघतो, चाल बघतो, मालकाच्या तोंडाकडे बघतो आणि मग भाव बोलतो. शिवाय यात्रेवर नुसते घोडेवाले जगत नाहीत. तमाशाचे फड, पाळणेवाले, भांडीवाले, खेळणीवाले, सगळ्यांची वर्षाची गणितं तिथे असतात. यात्रा ऑनलाइन केली तर धूर वाचेल, पण यांची चूल विझेल. हाही टिकण्याचाच प्रश्न आहे ना?

मग पुढे काय?

कंपन्यांचं ऐकाल तर भविष्य दरवर्षी नवीन असतं. २०२१ मध्ये हॉपिन नावाची ऑनलाइन कार्यक्रम भरवणारी कंपनी ७.७५ अब्ज डॉलर्सची मानली गेली. २०२३ मध्ये तिनं तोच कार्यक्रमांचा विभाग दुसऱ्या कंपनीला विकून टाकला. २०२१ मध्येच फेसबुकनं नाव बदलून मेटा केलं, आता सगळे आभासी जगात भेटतील म्हणाले. भेटतोय का आपण तिथे? म्हणून ज्या कार्यक्रमाचा सगळा जीव एका कंपनीच्या ॲपमध्ये आहे, त्याच्या भरवशावर संस्था बांधू नका. यंत्र बदलत राहणार. तार गेली, रेडिओ खिशात गेला, झूमही जाईल. मंडळ राहायला हवं.

माझं मत विचाराल तर महाराष्ट्राच्या कडेला असलेल्या गावांसाठी भविष्य १९५६ च्या वळणावर आहे. मला जे दिसतं ते सांगतो. जळगावच्या विद्यापीठाची परिषद असो, पुण्यातलं व्याख्यान असो की नाशिकचं संमेलन, त्याचं एक केंद्र लोणखेड्यात असावं, एक धडगावला, एक नवापूरला. महाविद्यालयाचं सभागृह आहेच, पडदा आहे, इंटरनेट बऱ्यापैकी आहे. तिथे तीस-चाळीस जण एकत्र बसतील. वक्ता पडद्यावर अर्धा तास बोलेल, त्याहून जास्त नको. मग पडदा बंद. मग आपसात चर्चा, आपल्या बोलीत, अहिराणीत, गुजरीत, भिलीत, पावरीत. कारण आमच्याकडे प्रश्न पडतो एका भाषेत आणि विचारावा लागतो दुसऱ्या. चर्चेतून आलेले दोन-तीन प्रश्न केंद्राचा संयोजक मांडेल. आणि मुख्य कार्यक्रमात बाहेरच्या केंद्रांच्या प्रश्नांसाठी वेळ आधीच राखून ठेवलेला असेल. शेवटची दोन मिनिटं उरली तर, असं नाही.

खर्चाचंही बोलू. वक्त्याच्या प्रवासाचे, हॉटेलचे पैसे वाचतात. ते कुठे जातात? बहुतेक वेळा कुठेच दिसत नाहीत. ते या केंद्रांना मिळायला हवेत: संयोजकाच्या मानधनाला, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला, पाड्यावरून येणाऱ्यांच्या बसभाड्याला. रेडिओ मंडळं नेमकी इथेच अडखळली होती.

आणि एक फरक कायम ध्यानात ठेवू. माहिती घ्यायची असेल, शिकायचं असेल, तर लांबूनची सभा उत्तम. तिथे रात्रीची बस, खर्च आणि धूर तिन्ही वाचवा. पण हिशेब विचारायचा असेल, हक्क मागायचा असेल, ठराव करायचा असेल, तर सभा प्रत्यक्षच व्हायला हवी. ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्यासाठी पडद्याची सोय जरूर ठेवा, पण आवाज बंद करण्याचं बटण एकट्या अध्यक्षाच्या हातात नको. ग्रामसभा असो, संस्थेची सभा असो, हे आधी ठरवून घ्या. नंतर विचारायला जाल तेव्हा म्यूट असाल.

तुमच्या गावात १९५६ नंतरची रेडिओ मंडळं होती का? घरात कुणी संयोजक होतं का? एखादी जुनी वही, अहवालाची प्रत असेल तर जपून ठेवा आणि आम्हाला कळवा, त्यावर एक वेगळा भाग करू. आणि हा भाग शक्य असेल तर एकट्यानं हेडफोन लावून ऐकू नका. चार जणांना बसवा, मोठ्यानं लावा, संपला की बंद करा आणि वाद घाला. कुणीतरी म्हणेलच, ‘हाऊ माणूस काहीबी सांगस.’ तिथून पुढची चर्चा खरी.

भेटू पुढच्या भागात. राम राम मंडळी.